शुक्रवारपर्यंत म्हणजे नेमकं कधी?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही कचेरीत रजेच्या अर्जांची फाइल उघडली की एक वाक्य हमखास सापडतं: "आय अ‍ॅम सफरिंग फ्रॉम फीव्हर सिन्स टू डेज." लिहिणाऱ्याला ताप आहे, तो दोन दिवसांपासून आहे, आणि वाचणाऱ्याला हे सगळं कळतं. तरीही वाक्य दोन जागी चुकलेलं आहे. गंमत अशी की त्यामागचं मराठी वाक्य अगदी चोख आहे. 'मला दोन दिवसांपासून ताप आहे' या वाक्याला कोण नाव ठेवील? तेच शब्दाला शब्द लावून इंग्रजीत नेलं. 'पासून'च्या जागी 'सिन्स' आला, 'आहे'च्या जागी 'अ‍ॅम' आला, आणि शाळेतल्या तक्त्याप्रमाणे सगळं जुळलं.

खरी अडचण या तक्त्यात आहे. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं; त्याआधी ते पाचवीला सुरू व्हायचं. चार वर्षं आधी सुरुवात होऊनही ही वाक्यं तशीच राहिली, कारण 'अ‍ॅट', 'ऑन', 'इन', 'बाय', 'टिल', 'सिन्स' हे शब्द आजही बहुतेक वर्गांत मराठी अर्थासमोर मांडून पाठ करून घेतले जातात. मग मुलं म्हणतात, इंग्रजीला नियमच नाहीत, आणि मोठी माणसं म्हणतात, मराठी माध्यमामुळे इंग्रजी कच्चं राहिलं. मला दोन्ही गोष्टी मान्य नाहीत. मराठीत वेळ सांगायची पद्धत फार बारकाईची आहे. ती नीट न्याहाळली तर इंग्रजी शब्दांची निवड पुष्कळदा मराठीतच करून घेता येते.

'पासून'चंच बघा. 'सोमवारपासून ताप आहे', 'दोन दिवसांपासून ताप आहे', 'सोमवारपासून शाळा सुरू होतील' या तिन्ही वाक्यांत मराठीने एकच शब्द वापरला. इंग्रजीला तीन लागतात: पहिल्याला 'सिन्स', दुसऱ्याला 'फॉर', तिसऱ्याला 'फ्रॉम'. इंग्रजी विचारतं, तुम्ही सुरुवातीची खूण सांगताय की मधल्या काळाची लांबी? सोमवार ही खूण आहे, दोन दिवस ही लांबी आहे. आणि गोष्ट अजून सुरूच व्हायची असेल, तर 'सिन्स'ला तिथे जागाच नाही.

खूण आणि लांबी ओळखायला एक सोपी कसोटी आहे. वाक्यातला 'पासून' काढून टाका. 'दोन दिवस ताप आहे' हे वाक्य उभं राहतं, म्हणून इथे 'फॉर'. 'सोमवार ताप आहे' हे उभं राहत नाही, म्हणून 'सिन्स'. 'तीन वर्षं पुण्यात राहतो' चालतं, 'लहानपण पुण्यात राहतो' चालत नाही. शिकणाऱ्याने इंग्रजीचा एकही नियम आठवलेला नाही. त्याच्या मराठी कानानेच निवाडा केला. वर्गात ही कसोटी दिली की 'सिन्स टू डेज' झपाट्याने कमी होतं.

उरते 'आहे'ची गोष्ट. सोमवारी सुरू झालेला ताप आजही आहे, हे सांगायला मराठीला साधा वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीला मागचा सोमवार आणि आजचा दिवस यांना बांधणारं क्रियापद लागतं, म्हणून "आय हॅव हॅड अ फीव्हर फॉर टू डेज." नोकरीच्या मुलाखतीत हा फरक फार महागात पडू शकतो. "आय हॅव वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स" म्हणजे तीन वर्षं तिथे आहे, अजूनही आहे. "आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स" म्हणजे होतो, आता नाही. मराठीत 'आहे' आणि 'होतो' जे सांगतात तेच हे आहे. फक्त ते सांगण्याची जागा वेगळी.

'पूर्वी'चा घोळही याच घरातला. 'दोन वर्षांपूर्वी' याचं "बिफोर टू इयर्स" होतं आणि ऐकणारा थबकतो. आजपासून मागे मोजायचं असेल तर इंग्रजी 'अगो' म्हणतं, आणि हा शब्द काळाच्या मागे जाऊन बसतो: "टू इयर्स अगो". बाकीची सगळी मंडळी नामाच्या पुढे उभी असताना हा एकटा मराठी शब्दयोगी अव्ययासारखा मागे येतो, तेव्हा आपल्याला तर तो जवळचा वाटायला हवा. 'अगो' मुळात 'सरलेला, निघून गेलेला' अशा अर्थाचं जुनं रूप आहे. 'त्याला दोन वर्षं झाली' असं आपण म्हणतो, त्यातलं 'झाली' हे त्याचं खरं भावंड. 'बिफोर'ला मात्र आज सोडून दुसरी एखादी खूण हवी असते: लग्नापूर्वी, परीक्षेपूर्वी, २०१० पूर्वी.

आता 'पर्यंत'. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गाठ हीच आहे, कारण इथे चूक झाली तर इंग्रजी बेढब दिसण्यावर भागत नाही, समोरच्याचा गैरसमज होतो.

'शुक्रवारपर्यंत पैसे भरा' आणि 'शुक्रवारपर्यंत मी पुण्यात आहे' या दोन वाक्यांतला 'पर्यंत' सारखाच दिसतो. पण पैसे एकदाच भरायचे असतात; सोमवारी भरा नाहीतर गुरुवारी, शुक्रवार ओलांडू नका एवढंच. पुण्यात मात्र मी रोज आहे, सलग आहे, आणि शुक्रवारी ते असणं संपणार आहे. हा फरक मराठी क्रियापदावर सोडून देते. 'भरणं' एका क्षणात उरकतं आणि 'असणं' पसरलेलं असतं, हे ऐकणाऱ्याला कळतंच. इंग्रजी तो फरक शब्दयोगी अव्ययातच नोंदवतं. एकदाच होणाऱ्या गोष्टीची मुदत सांगायला 'बाय', चालू राहणाऱ्या गोष्टीचा शेवट सांगायला 'अंटिल' किंवा 'टिल'.

हिंजवडीतला एखादा इंजिनियर अमेरिकेतल्या ग्राहकाला लिहितो: "आय विल वर्क ऑन इट टिल फ्रायडे." त्याला म्हणायचं असतं, शुक्रवारपर्यंत करून देतो. ग्राहक वाचतो, शुक्रवारपर्यंत यावर काम करत राहीन. काम पूर्ण होऊन हातात पडेल, असं वचन त्या वाक्यात कुठेच नाही. हवं होतं "आय विल फिनिश इट बाय फ्रायडे." दोन्ही वाक्यांचं मराठी एकाच 'पर्यंत'ने होतं, म्हणून लिहिणाऱ्याला चुकल्याचा पत्ताही लागत नाही. आठवडाभराने ग्राहक नाराज का झाला, हे त्याला शेवटपर्यंत उमगत नाही.

नकार आला की गाठ आणखी आवळते. "इट वोन्ट बी रेडी बाय फ्रायडे" म्हणजे शुक्रवारी तयार नसेल. पुढे कधी होईल ते सांगितलेलं नाही. "इट वोन्ट बी रेडी अंटिल फ्रायडे" म्हणजे शुक्रवारच्या आधी तयार नसेल, शुक्रवारी मात्र होईल. एका वाक्याने शुक्रवार नाकारला, दुसऱ्याने शुक्रवारचा वायदा केला, आणि बदलला तो एकच शब्द. 'शुक्रवारपर्यंत होणार नाही' असं मराठीत म्हटलं तर दोन्ही अर्थ निघतात. पण दुसऱ्या अर्थासाठी मराठीकडे तयार शब्द आहे, आणि तो आपण रोज वापरतो: 'शुक्रवारशिवाय होणार नाही.' 'साहेब सोमवारशिवाय भेटणार नाहीत' असं शिपाई सांगतो, तेव्हा सोमवारी या, भेटतील, हेच तो सांगत असतो. नकारासोबतच्या 'अंटिल'ला हा 'शिवाय' इतका नेमका बसतो की तो पाठ्यपुस्तकात का नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

जाता जाता एक. 'टिल' हा 'अंटिल'चा तोडलेला, बोलीतला तुकडा आहे असं समजून काही शिक्षक तो खोडतात. खरं तर 'टिल' जुना आहे. तो इंग्रजीत उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून आला आणि त्यावरून पुढे 'अंटिल' घडला. लेखनात दोन्ही चालतात.

काही ठिकाणी मराठी इंग्रजीपेक्षा बारीक विणते. 'दोन दिवसांत' आणि 'दोन दिवसांनी' यांत आपण कधी गोंधळत नाही. पहिल्यात काम दोन दिवसांच्या आत उरकतं, दुसऱ्यात दोन दिवस सरल्यावर गोष्ट घडते. इंग्रजीत दोन्हीला 'इन टू डेज' म्हणतात. "ही पेंटेड द हाउस इन टू डेज" म्हणजे त्याने दोन दिवसांत घर रंगवलं. "आय विल बी बॅक इन टू डेज" म्हणजे मी दोन दिवसांनी परत येतो. मराठी माणूस इथे मराठीतला फरक इंग्रजीत शोधू लागतो आणि 'दोन दिवसांनी'साठी "आफ्टर टू डेज" लिहितो. आजपासून पुढे मोजताना इंग्रजीत ते खटकतं. 'आफ्टर' घडून गेलेल्या गोष्टी सांगताना शोभतो: तो आला, दोन दिवस राहिला, आणि "आफ्टर टू डेज ही लेफ्ट." 'दोन दिवसांच्या आत, त्याहून उशीर नाही' असं ठासून सांगायचं असेल तेव्हा 'विदिन' वापरावा. जिथे संदिग्धता परवडत नाही, तिथे इंग्रजी बोलणारेही तेच करतात.

'अ‍ॅट', 'ऑन' आणि 'इन' यांच्यावर पुस्तकांत पानंच्या पानं असतात. मी त्यांवर कमी वेळ घालवीन, कारण मूळ सूत्र लहान आहे. घड्याळातला बिंदू असेल तर 'अ‍ॅट', वार किंवा तारीख असेल तर 'ऑन', त्याहून मोठा काळ असेल तर 'इन'. महाराष्ट्र राज्य १९६० साली स्थापन झालं: 'इन'. मे महिन्यात झालं: पुन्हा 'इन'. १ मे १९६० रोजी झालं: 'ऑन'. देश स्वतंत्र झाला तो मध्यरात्री: 'अ‍ॅट मिडनाइट'. मराठीत हे काम विखुरलेलं आहे. शाळेत घोकलेली सप्तमी, त-ई-आ, आठवा. तिचा 'ई' 'सोमवारी', 'सकाळी', 'रात्री', 'साली' यांत दिसतो. 'त' 'महिन्यात', 'उन्हाळ्यात', 'दिवाळीत' यांत दिसतो. तारखेला 'ला' लागतो आणि घड्याळाला 'वाजता'. आपण प्रत्यय निवडतो तो पुढच्या शब्दाच्या सवयीने, इंग्रजी निवडतं ते बहुतांशी काळाच्या आकाराने. म्हणून या तिघांपुरतं मराठी प्रत्ययाकडे न बघता घड्याळाकडे आणि दिनदर्शिकेकडे बघावं.

अडतं ते काठावरच्या जागी. सकाळ एका दिवसाचा भाग आहे, म्हणून 'इन द मॉर्निंग'. पण वार किंवा तारीख सोबत आली की तिची सत्ता चालते: 'ऑन मंडे मॉर्निंग', 'ऑन द मॉर्निंग ऑफ फर्स्ट मे'. रात्रीला मात्र 'अ‍ॅट नाइट'. "आय रीड अ‍ॅट नाइट" यातली रात्र म्हणजे दिवस मिटल्यानंतरची वेळ. तिच्या आत काय घडलं हे इथे बघायचं नाही. ते बघायचं असेल तर 'इन द नाइट' येतं: "आय वोक अप ट्वाइस इन द नाइट." आपण 'रात्री वाचतो' म्हणतो आणि 'रात्रीतून दोनदा जाग आली' म्हणतो, तोच हा भेद. सणांचंही असंच. 'दिवाळीत' असं मनात असतं म्हणून आपल्याकडे सर्रास 'इन दिवाली' ऐकू येतं. इंग्रजी रीत 'अ‍ॅट दिवाली' किंवा 'ड्युरिंग दिवाली' अशी आहे, आणि पाडव्याचा एकच दिवस म्हणायचा असेल तर 'ऑन'. शनिवार-रविवारच्या सुट्टीला इंग्लंडमध्ये 'अ‍ॅट द वीकेंड' म्हणतात, अमेरिकेत 'ऑन द वीकेंड'. यात बरोबर-चूक ठरवत बसण्यात अर्थ नाही. ज्यांच्याशी बोलायचं त्यांची रीत धरावी.

'पुढच्या सोमवारी' याचं 'ऑन नेक्स्ट मंडे' करू नये. 'नेक्स्ट', 'लास्ट', 'धिस' किंवा 'एव्हरी' पुढे आला की शब्दयोगी अव्यय गळून पडतं. मराठीत तो 'ई' तिथेही राहतो, म्हणून आपला हात 'ऑन'कडे जातो. उलट 'आज', 'काल', 'उद्या' यांना मराठीतही प्रत्यय लागत नाही, त्यामुळे तिथे आपण चुकत नाही. इंग्रजीतला 'टुडे' तर जुन्या इंग्रजीतला 'टू' हे अव्यय आणि 'दिवस' हा शब्द चिकटूनच बनलेला आहे. त्याच्या पोटात आधीच एक अव्यय आहे, दुसरं त्याला सोसत नाही. औषधाच्या बाटलीवरच्या 'ट्वाइस अ डे'मधला 'अ'ही मुळात उपपद नव्हता. तो झिजलेला 'ऑन' आहे. जुन्या इंग्रजीत 'ऑन' आजच्या 'इन'चंही पुष्कळसं काम करायचा. पुढे कामं वाटली गेली, पण काही शब्दगट जुन्या जागीच राहिले. अशी अपवाद वाटणारी रूपं जशीच्या तशी, अख्ख्या शब्दगटासकट लक्षात ठेवावीत हे उत्तम.

जॉर्ज लॅकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८० साली लिहिलेल्या 'मेटाफर्स वी लिव्ह बाय' या पुस्तकात एक गोष्ट नीट उलगडली आहे: माणूस वेळेबद्दल बोलताना जागेचे शब्द उसने घेतो. 'डब्यात' मधला 'त' 'महिन्यात' येतो, 'टेबलावर' मधला 'वर' 'वेळेवर' येतो. इंग्रजी आणि मराठी इथे इतक्या जवळ येतात की भाषांतर अगदी अलगद होतं. 'वेळेवर' म्हणजे 'ऑन टाइम', 'वेळेत' म्हणजे 'इन टाइम'. गाडी वेळेवर आली, म्हणजे वेळापत्रकात होती त्या मिनिटाला. आपण वेळेत पोचलो, म्हणजे गाडी सुटण्याआधी हाताशी थोडा अवधी ठेवून. मुलांना हे दोन शब्दप्रयोग इंग्रजीत नेहमी गोंधळात टाकतात, कारण त्यांना कुणी सांगत नाही की हा फरक ती मराठीत रोज अचूक करतात. 'ऑन'ला 'वर' आणि 'इन'ला 'त' लावा, काम झालं. 'महिन्याच्या शेवटी' आणि 'शेवटी तो आलाच' यांतही इंग्रजी असाच भेद करतं, पहिल्याला 'अ‍ॅट द एंड', दुसऱ्याला 'इन द एंड'. इथे मात्र मराठी रूप एकच असल्याने अर्थ विचारून घ्यावा लागतो: महिना, वर्ष, रस्ता अशी एखादी गोष्ट संपते आहे, की 'अखेर' म्हणायचं आहे?

हे शिकवताना रिकाम्या जागा भरायला देण्यापेक्षा वाक्यांच्या जोड्या द्याव्यात असं मला कळकळीने वाटतं. रिकाम्या जागेत मूल अंदाजाने शब्द टाकतं. तीनांपैकी एक बरोबर येतोच. त्याऐवजी 'बाय फ्रायडे' आणि 'अंटिल फ्रायडे' अशी दोन पूर्ण वाक्यं समोर ठेवून विचारावं, यातल्या कुठल्या वाक्यात शुक्रवारी काम हातात मिळेल? मूल अर्थाशी झटापट करतं आणि शब्द अर्थासकट डोक्यात बसतो. मोठ्यांनी स्वतःचेच जुने मेल उघडून 'पासून' आणि 'पर्यंत' कुठे कुठे इंग्रजीत नेले आहेत ते तपासावं. प्रत्येकाच्या चुका ठरावीक असतात, आणि त्या सापडल्या की सुटतात.

हे शब्द किती गंभीर आहेत हे बघायचं तर कायदा बघावा. भारतात १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम ९ मध्ये 'फ्रॉम' आणि 'टू' या दोन शब्दांचं काम ठरवून दिलं आहे. केंद्रीय कायद्यात दिवसांच्या मालिकेतला पहिला दिवस वगळायचा असेल तर 'फ्रॉम' लिहिणं पुरेसं, शेवटचा दिवस धरायचा असेल तर 'टू' लिहिणं पुरेसं. १९६३ च्या लिमिटेशन अ‍ॅक्टचं कलम १२ हेच तत्त्व दाव्यांच्या आणि अपिलांच्या मुदतीला लावतं: ज्या दिवसापासून मोजायचं तो दिवस मोजणीत नाही. निव्वळ मोजणीपुरतं बघितलं तर १ जूनपासून ३० दिवसांची मुदत २ जूनला सुरू होते आणि १ जुलैला संपते. मराठी बोलण्यात '१ जूनपासून' म्हटलं की १ जून धरूनच आपण मोजतो. इंग्रजी कायद्याची भाषा तो बाहेर ठेवते. बोलण्यातली रीत धरून मोजलं तर हिशेब एका दिवसाने चुकतो.

मुदतीच्या दुसऱ्या टोकालाही असंच आहे. 'बाय फ्रायडे' म्हटल्यावर शुक्रवार त्यात धरला जातो असाच सर्वसाधारण समज आहे, पण शुक्रवार सकाळ की संध्याकाळ, याबद्दल तो शब्द गप्प असतो. 'मंडे टू फ्रायडे'मधला शेवटचा दिवस निर्विवाद आत आहे हे सांगायला अमेरिकन माणसं 'मंडे थ्रू फ्रायडे' म्हणतात. आणि निविदा, कर्जाचे करार, प्रवेशाचे अर्ज यांत 'बाय'वर न विसंबता 'ऑन ऑर बिफोर' लिहितात, पुढे घड्याळातली वेळही देतात. आपल्या शासकीय जाहिरातींत 'दिनांक ३१ मार्च रोजी किंवा त्यापूर्वी, सायंकाळी ५ वाजेपर्यंत' असं छापलेलं असतं ते याच कारणाने.